आपलेच तुणतुणे

मराठी भाषेने तुणतुण्यावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर केला नसेल. कोणी तीच ती गोष्ट पुन्हापुन्हा सांगू लागला की आपण म्हणतो, ‘लागला आपलेच तुणतुणे वाजवायला!’ सतारीच्या वाट्याला असले बोलणे कधी आले नाही. वीणेच्या तर नाहीच नाही. बिचारे तुणतुणे! एक लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला मढवलेले कातडे, कडेला ठोकलेली काठी, काठीच्या माथ्याजवळ एक खुंटी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकुलती एक तार. त्याने एकच सूर धरू नये तर काय करावे? पण आमच्या भंडारा जिल्ह्यात रात्री खडी गंमत उभी राहते, तेव्हा शाहिराचा गळा त्याच एका तारेच्या आधाराने सुरात राहतो, हे असले बोलणे रूढ करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

आज मीही आपलेच तुणतुणे वाजवणार आहे. वाचकांनी चकलीच्या तुकड्याबरोबर ते गोड मानून घ्यावे. माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक घरात निदान एक वाद्य घरच्याच माणसाने आपल्या हाताने केलेले असावे. आणि ते त्याला नीट वाजवता येत नसले, तरी त्याने ते वाजवावे.

हे वाचून काही सुसंस्कृत मंडळी कानांवर हात ठेवतील, याची मला कल्पना आहे. संगीत ही साधना आहे, ज्याला येते त्यानेच वाजवावे, बाकीच्यांनी ऐकावे, असे त्यांचे मत. पण हाच न्याय ते स्वयंपाकघराला लावतात काय? घरातली भाजी करायला कोणी आचाऱ्याचे प्रमाणपत्र मागत नाही. माझी आजी पहाटे जात्यावर गायची, ती कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली नव्हती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकाने आणि पाळणे, रात्री दंडार. त्या दंडारीत नाचणारे सकाळी धानाच्या बांधीत उभे असतात. ‘येते त्यानेच करावे’ हा नियम आमच्या पूर्वजांनी पाळला असता, तर झाडीपट्टीत दंडार उभीच राहिली नसती.

मंडईत मातीच्या वाटीवर कागद ताणलेली, बांबूच्या दांडीची इवलीशी सारंगी विकायला येते, ती पुष्कळांनी लहानपणी घेतली असेल. विकणारा तिच्यावर सिनेमातले गाणे अगदी हुबेहूब वाजवतो. आपण घरी आणतो आणि तिच्यातून फक्त दाराच्या बिजागरीचा आवाज निघतो. दुसऱ्या दिवशी वाटी फुटते आणि घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. माझ्या संगीताचा शेवट वयाच्या नवव्या वर्षी असाच झाला होता. तो पुढे तीस-पस्तीस वर्षे तसाच राहिला.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून आला, तो काखेत युकुलेले घेऊन. चार नायलॉनच्या तारांचे, गिटारच्या पोरासारखे दिसणारे वाद्य. मी त्याला नावे ठेवायला तोंड उघडणार, तोच त्याने त्याची जन्मकथा सांगितली आणि माझे तोंड मिटले. ऑगस्ट १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरची मजूर माणसे ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजाने हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत राबायला आली. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतार होते. मळ्यातले काम संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या मुलखातल्या लहानशा गिटारीवरून हे वाद्य घडवले. युकुलेले म्हणजे उड्या मारणारी पिसू, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेने ते ऐकले आणि मग ते जगभर गेले. तेव्हा हे काही दरबारी घराणे नव्हे. मजूर आणि सुतार यांच्या पोटी जन्मलेले, म्हणजे आमच्या तुणतुण्याचेच गोत्र.

पुतण्या परत गेला, वाद्यही गेले. पण त्याची मापे मी वहीत उतरून घेतली होती.

सुटीत शाळेतली चार पोरे जमवली. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा हे पोट. सुताराकडच्या टाकाऊ सागाच्या पट्टीची दांडी. बाभळीच्या खुंट्या. तारांसाठी आमच्या वैनगंगेकाठच्या एका ढिवराकडून गळाची नायलॉन दोरी आणली, जाड-बारीक चार प्रकारची. पडद्यांसाठी पितळेची तार पाहिजे होती, ती पितळेचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने दिली. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून एके काळी नावाजलेले होते. स्टीलने ते दिवस नेले. म्हातारबुवांनी तार दिली, पैसे घेतले नाहीत आणि वर ती सरळ कशी करायची हेही दाखवून दिले.

खरी मौज पडदे बसवताना आली. तार ३३ सेंटिमीटर. तिचा अठरावा भाग मोजून पहिला पडदा. मग उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून दुसरा. पुन्हा उरलेल्याचा अठरावा, असे बारा वेळा. हा हिशेब गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली छापून ठेवला आहे. ते ल्यूट वाजवणारे होते. माझ्या चौघांपैकी एक पोरगा अपूर्णांकांचे नाव काढले की तहान लागली म्हणून उठून जाणारा. तो त्या दिवशी जागचा हलला नाही. संध्याकाळी म्हणाला, “गुरुजी, बारावा पडदा बरोबर अर्ध्यावर पाहिजे ना? आपला तर एक मिलिमीटर अलीकडं पडला.” मी मोजून पाहिले. पोरगा बरोबर होता! अठराने भागले की एवढी चूक राहतेच; अठराला किंचित कमी, १७.८१७ ने भागावे लागते. हे मला ठाऊक नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि मॅट्रिकला असताना माझ्या हातात कोणी करवतीचे पाते आणि पितळेची तार दिली नव्हती.

पहिले वाद्य बेसूर निघाले. दुसऱ्याची दांडी वाकली. तिसरे वाजले! पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवून चारही तारांवरून अंगठा फिरवला, आणि बिस्किटाच्या त्या डब्यातून असा भरीव गोड आवाज आला की पोरे क्षणभर एकमेकांकडे पाहतच राहिली. माझी पहिली कादंबरी छापून आली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. (प्रकाशकांनी हे मनावर घेऊ नये.) मग एकाने तारा षड्ज-पंचमात जुळवल्या आणि त्या डब्यावर आम्ही भजन म्हटले.

नेमके त्याच वेळी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ ओट्यासमोरून चालले होते. “गुरुजी, पोरांना हे डबडं वाजवायला शिकवता? द्या की क्लासला पाठवून. परीक्षा दिल्या तर पुढं उपयोग तरी होईल. आणि वाजवायचंच तर आपलं काही वाजवा. हे विलायती कशाला?”

त्यांना ओट्यावर जे उत्तर सुचले नाही, ते आता देतो. आधी विलायतीचे बघू. ज्या पेटीवाचून विदर्भातले एकही भजनी मंडळ बसत नाही, ती फ्रान्समधून आली. परकी म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला दार बंद ठेवले होते. भजनी मंडळांनी ती बंदी कधी मानली नाही. जे वाद्य गावच्या सागाचे, गावच्या पितळेचे आणि वैनगंगेच्या गळाच्या दोरीचे आहे, ते विलायती कसे? दुकानातून फोनवर मागवलेली ‘देशी’ बासरी त्याहून परकी.

राहिला उपयोग. क्लासला आणि परीक्षेला माझा विरोध नाही. मिरजेची सतार डब्यापासून होत नाही, होऊही नये. त्या कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण हिमालय आहे म्हणून आमच्या गावची टेकडी कोणी चढायची नाही काय? कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चामर्स डोन नावाच्या संगीतशिक्षकाने शाळाशाळांतून मुलांच्या हाती युकुलेले दिले. त्यांतले किती जण पुढे वादक झाले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. वर्धा आमच्यापासून किती लांब आहे? आज शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो आणि पुष्कळ ठिकाणी त्या तासाला गणिताची उदाहरणे सोडवून घेतात. मी गणिताच्या तासाला वाद्य केले, तर बिघडले कुठे?

आणि त्या गृहस्थांना आणखी एक विचारायचे आहे. त्यांच्या घरी लग्नात चार दिवस कर्णे लागले होते. खिडक्यांची तावदाने थरथरत होती. तेव्हा घरातल्या एकाही माणसाच्या तोंडून किंवा हातातून एकही सूर निघाला नाही. सगळे संगीत भाड्याने आणलेले! त्या कर्ण्यांनी ज्यांचे कान विटले नाहीत, त्यांना चार पोरांचा डबा कसा सोसत नाही?

यंदाच्या मंडईत रात्री दंडार सुरू होण्याआधी पोरांना पाव तास मिळाला आहे. आता सहा वाद्ये झाली आहेत. एकात डब्याऐवजी वाळलेला दुधी भोपळा आहे. त्याचा आवाज अधिक मऊ, पण भोपळा जरा तिरपा असल्यामुळे वाजवणाऱ्यालाही तिरपे बसावे लागते. अडचण आहे ती खुंट्यांची. गाणे रंगात आले की त्या सैल पडतात. फळ्याचा खडू चोळून पाहिला, त्याने दोन गाणी निभतात, तिसऱ्याला पुन्हा तेच. कोणा सुतारकाम जाणणाऱ्या वाचकाला याहून पक्का इलाज ठाऊक असल्यास त्याने संपादकांच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. मात्र मंडईच्या आत कळवावे.