‘हाताने चालवली की चालते’ : एका बौद्धिक आळसाविषयी

‘हाताने चालवली की चालते, कार्ड लावले की चालत नाही. यंत्रच लहरी आहे, दुसरे काय!’ आमच्यासारख्या मराठी विभागांत हे उद्गार आता इतके सरावाचे झाले आहेत, की त्यांचा अर्थ तपासून पाहावा असे कोणालाही वाटेनासे झाले आहे. आमचे प्रतिपादन असे, की या उद्गारांचा पूर्वार्ध हा अतिशय मोलाचा पुरावा आहे, आणि उत्तरार्ध म्हणजे तो पुरावा न वाचताच फेकून देण्याची सोय आहे. ज्यांनी आयुष्यभर वाचन शिकवले त्यांनीच असे करावे, ही गोष्ट आम्हांला विनोदी वाटत नाही, लाजिरवाणी वाटते.

प्रकरण काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. जुनी नियतकालिके, खासगी संग्रहांतील बाडे, हस्तलिखिते यांची छायाचित्रे घेण्याचे काम विभागांकडे येते. कॅमेऱ्याचे कार्ड संगणकाला लावताच छायाचित्रे आपोआप उतरावीत, त्यांना तारखेनुसार नावे मिळावीत, यासाठी लिनक्सवर एक लहानशी शेल-स्क्रिप्ट लिहून घेतली जाते. लिहिणारा बहुधा संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी असतो. तो पदवी घेऊन निघून जातो. स्क्रिप्ट मागे उरते. मग कधीतरी योग्य नावाचा फोल्डर तयार होतो आणि आत काहीच नसते. किंवा निम्मी पाने असतात आणि शेवटचे चित्र मधूनच तुटलेले असते. हे ध्यानात येईपर्यंत कार्ड पुसलेले असते आणि बाड ज्याचे त्याच्या घरी परत गेलेले असते. ते दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. वाळवी कोणाची वाट पाहत नाही. येथे पणाला लागलेली गोष्ट ही आहे. संगणकाची आवड-नावड नव्हे.

आता यंत्राच्या ‘लहरीं’कडे वळू. कार्ड खोचताच लिनक्सच्या कर्नलला ते कळते आणि तो तशी घटना जाहीर करतो. ती ऐकून घेणाऱ्या सेवेचे नाव यूडेव्ह. 2003 सालापासूनची ही सेवा 2012 साली सिस्टिमडी या प्रकल्पात सामावली गेली. तिच्यापाशी नियमांच्या फायली असतात आणि त्या नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. नियमात बरोबरचे चिन्ह लागोपाठ दोनदा आले तर तो प्रश्न असतो : ‘असे आहे काय?’ एकदाच आले तर ती आज्ञा असते : ‘असे कर.’ एका चिन्हाच्या चुकीने प्रश्नाचा हुकूम होतो, किंवा नियमच अमान्य ठरतो. विरामचिन्हांवरून विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्यांना यात परके वाटावे असे काय आहे? सर्व नियम वाचून झाले, जुळले, की मग नेमून दिलेली स्क्रिप्ट चालवली जाते.

ती कोण चालवते, हा कळीचा प्रश्न. हाताने चालवतो तेव्हा ती आपल्या नावाने आणि आपल्या घरात चालते. आज्ञा कोठे शोधायच्या त्याची यादी, घर-फोल्डरचे नाव, पडदा, लिपी-भाषेचे संकेत हे सारे तिला आपल्याकडून न मागता मिळते. यूडेव्ह चालवते तेव्हा ती रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि वरच्यापैकी जवळजवळ काहीच तिच्या पदरी नसते. ‘घर’ हे चल रिकामे असल्यामुळे घरात ठेवायची छायाचित्रे थेट मुळाच्या फोल्डरात जातात. अर्धवट मार्ग दिलेली आज्ञा सापडत नाही. लिपीचा संकेत नसल्याने, नावातली पहिली 10 अक्षरे घ्या असे सांगितले तर शेल 10 बाइट मोजून घेते. देवनागरीचे एकेक युनिकोड चिन्ह यूटीएफ-8मध्ये 3 बाइटांचे. म्हणजे तीन चिन्हे हाती लागतात आणि चौथ्याचा लचका! फायलीच्या नावात दिसणारी ती चौकट म्हणजे यंत्राचा मराठीद्वेष नव्हे. न सांगितलेला संदर्भ काढून घेतल्यावर उरलेला तो अवशेष आहे.

त्यावरचा उपाय गूढ नाही. स्क्रिप्टच्या आरंभीच एक ओळ अशी लिहावी, की पुढचे सर्व निवेदन आणि सर्व त्रुटी एका फायलीत जाव्यात. दुसऱ्या ओळीने त्या वेळचे सारे पर्यावरण-चल त्याच फायलीत उतरवावेत. मग एकदा हाताने आणि एकदा कार्ड लावून, अशा दोन प्रती मिळवाव्यात आणि शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहाव्यात. पाठभेद नोंदवणे याला आपल्या शास्त्रात जे म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट घटनेच्या संख्येची. आपण कार्ड एकदाच लावतो. कर्नलच्या लेखी मात्र यूएसबी उपकरण, त्याचा इंटरफेस, डिस्क आणि डिस्कवरील विभाग यांच्या निरनिराळ्या घटना असतात. नियम सैल असेल तर स्क्रिप्ट तीन-चारदा चालते आणि पहिल्या खेपेस छायाचित्रे ज्या विभागात आहेत तो अजून जन्मालाही आलेला नसतो. नियम घट्ट करायला जावे तर आणखी एक अट आडवी येते : पूर्वज-उपकरणांची लक्षणे जुळवताना ती सर्व एकाच पूर्वजाची असावी लागतात. वडिलांचे नाव आणि आजोबांचे गाव एकत्र करून वंशावळ सिद्ध होत नाही. ‘यूडेव्हॲडम इन्फो’ ही आज्ञा पूर्ण वंशावळ छापून देते, ‘यूडेव्हॲडम मॉनिटर’ घटना घडतील तशा दाखवते. वाचायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे न देता दोन वर्षे तक्रार करणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत घातक. यूडेव्हचे काम घटनेची झटपट वासलात लावणे हे आहे. शेकडो छायाचित्रे उतरवत बसणे हे नव्हे. घटना हाताळून झाली की मागे रेंगाळणाऱ्या प्रक्रिया मारल्या जातात. स्क्रिप्ट पार्श्वभूमीवर ढकलून दिली तरी तिची सुटका होत नाही. निम्म्यात तुटलेले चित्र येते ते येथून. शिवाय यूडेव्हच्या कुंपणात राहून कार्डाची फाइलप्रणाली जोडणे किंवा नेटवर्क वापरणे आज सामान्यतः निषिद्ध आहे. जोडणी फसली आणि स्क्रिप्टने तिचा निकाल विचारला नाही, की ती रिकाम्या जागेतून इमानेइतबारे शून्य छायाचित्रे उतरवते आणि ‘काम पूर्ण’ असे लिहून मोकळी होते. योग्य नावाचा रिकामा फोल्डर येतो तो येथून. उपाय अधिकृत दस्तऐवजातच सांगितलेला आहे : नियमाने फक्त सिस्टिमडीला एक सेवा सुरू करण्याचा निरोप द्यावा आणि उतरवण्याचे लांबलचक काम त्या सेवेने करावे.

याऐवजी आपल्याकडे काय केले जाते? ‘स्लीप 10’ असे लिहून दहा सेकंद थांबण्याचा तोडगा. सर्व फायलींना 777 हा सताड उघडा परवाना देण्याचा तोडगा. संगणक बंद करून पुन्हा चालू करण्याचा तोडगा. कोठून तरी उतरवलेले हे गंडेदोरे बांधल्यावर कधीकधी गुणही येतो, आणि तेच त्यांचे विष आहे. कारण दोष न समजता लक्षण नाहीसे झाले की शोध थांबतो. ज्यांना थोडी जास्त माहिती असते ते ‘यूडेव्हॲडम टेस्ट’ चालवून निर्धास्त होतात. ती आज्ञा नियमांचे वाचन दाखवते, पण नेमलेली स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवत नाही. तिच्या यशावरून स्क्रिप्ट निर्दोष ठरवणे म्हणजे अनुक्रमणिका वाचून परीक्षण लिहिण्यासारखे आहे. (या प्रकाराची सवय आपल्या क्षेत्रात आहे हे आम्ही जाणतो!)

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप : ‘हे आपले काम नाही, तांत्रिक माणूस बघेल.’ तांत्रिक माणसाला छायाचित्र उतरले की नाही एवढे कळते. एकोणसाठाव्या पानानंतर एकसष्टावे आले आहे, हे कळण्यासाठी ते बाड वाचणारा माणूस लागतो. आणि दोष कोठे शिरला हे शोधण्याची शिस्त आपल्या पूर्वसूरींनी घालून दिली आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले, 1925पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि ते काम 1966 साली पूर्ण झाले. त्या पिढ्यांनी ‘लेखनिक लहरी होता’ असे म्हणून पोथ्या बाजूला सारल्या नाहीत. कोणता पाठ कोणत्या प्रतीत येतो ते आधी नोंदले, निर्णय मागून दिला. त्यांचे नाव घेऊन पाठचिकित्सेची प्रश्नपत्रिका काढायची आणि बारा ओळींची एक नोंद-फाइल उघडून पाहायची नाही, याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे : ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीला संहिता म्हणण्याचा फॅशनेबल खेळ खेळत आहात.’ आम्ही तसे काही म्हणत नाही. स्क्रिप्टला व्यंजना नसते, तिचे आस्वादन होत नाही. साम्य एकाच ठिकाणी आहे : लिहिणाऱ्याच्या गैरहजेरीत, भलत्याच परिस्थितीत, दुसराच कोणीतरी ती वाचतो, आणि जे लिहिलेले नाही ते तो मनाने भरून काढत नाही. फरक मात्र मोठा आहे, आणि तो आपल्याला झोंबणारा आहे. कवितेचा चुकीचा अन्वयार्थ लावला तर आपले काही बिघडत नाही. तो चर्चासत्रात वाचता येतो. येथे चुकीच्या अन्वयार्थाची किंमत म्हणजे एक पान कायमचे जाणे. आपल्या धंद्यात वाचनाची इतकी सक्त परीक्षा दुसरी नाही. कदाचित म्हणूनच आपण ती टाळतो.

आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासात एक प्रात्यक्षिक ठेवावे. विद्यार्थ्यांना सदोष नियम, सदोष स्क्रिप्ट आणि तिची नोंद-फाइल द्यावी आणि दोषवृत्तांत लिहायला सांगावा : काय अपेक्षित होते, काय घडले, कोणत्या पुराव्यावरून कोणते कारण वगळले. स्क्रिप्ट दुरुस्त करता आली नाही तरी चालेल. कारण नीट मांडता आले पाहिजे. आणि विभागांनी आजपासून एक नियम पाळावा : मूळ फाइल आणि उतरवलेली फाइल यांचे चेकसम जुळल्याखेरीज, आणि पानांचा क्रम माणसाने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज, कोणतेही कार्ड पुसू नये, कोणतेही बाड परत करू नये.

असो. यंत्राला लहरी म्हणणे सोपे असते, कारण ते प्रत्युत्तर देत नाही. परंतु त्याने आपली बाजू नोंद-फाइलीत लिहून ठेवलेली असते. ती वाचायची की नाही, हा निर्णय आपला आहे.