निवृत्त बॅटमॅन आणि स्कूटरची किल्ली

मागील महिन्यात एक आजी रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आल्या होत्या. दंडावरचा पट्टा सोडवीत असताना त्यांनी कुरकुर केली, "डॉक्टर, सुटी लागल्यापासून नातू ते वटवाघळाच्या मुखवट्याचे कार्टून लावून बसतो. मी शेजारी बसून काय करू? जपमाळ ओढू?" रक्तदाब उत्तम होता. तेव्हा मी नेहमीच्या गोळीच्या नावाखाली त्या मालिकेतील माझ्या आवडत्या चार भागांची नावे लिहून दिली. आज तीच चिठ्ठी थोड्या विस्ताराने आपणांपुढे ठेवीत आहे.

'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' ही मालिका अमेरिकेत 1992 मध्ये सुरू झाली आणि तिच्या पुढचे कथानक सांगणारी 'बॅटमॅन बियाँड' 1999 मध्ये आली. माझा मुलगा शाळेत असताना आम्ही दोन्हींच्या डीव्हीडी आणल्या होत्या. माझे वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. तेही नातवाशेजारी आरामखुर्ची ओढून बसत. ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, ब्रूस वेन हा गॉथम नावाच्या काल्पनिक शहरातील एक धनाढ्य गृहस्थ आहे. बालपणी डोळ्यांदेखत आईवडिलांची हत्या झाल्यामुळे तो मोठेपणी मुखवटा चढवून गुन्हेगारांशी लढतो. त्याच्याजवळ दैवी शक्ती कोणतीही नाही. म्हणूनच तो म्हातारा होऊ शकतो, आणि आपल्यासारख्यांना त्याच्यात रस वाटतो तो त्यामुळेच.

चिठ्ठीतला पहिला भाग 'हार्ट ऑफ आइस'. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या या भागाला पटकथेसाठी एमी पुरस्कार मिळाला होता. व्हिक्टर फ्रीझ हा शास्त्रज्ञ असाध्य आजाराने ग्रासलेल्या आपल्या पत्नीला, नोराला, उपाय सापडेपर्यंत अतिशीत अवस्थेत जपून ठेवतो. कंपनीचा मालक खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद पाडतो. त्या झटापटीत फ्रीझचे शरीर असे बिघडते की, थंडगार पोशाखाबाहेर तो जगूच शकत नाही. मग सूड. शेवटी कोठडीत बसून तो एका काचेच्या गोळ्यातील नर्तकीच्या बाहुलीची क्षमा मागतो. रुग्णाच्या उशाशी वर्षानुवर्षे बसणाऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर हा गारठा मी पाहिला आहे. त्यांना कोणी "तुम्ही कसे आहात?" असे विचारलेले नसते. मात्र हा भाग केवळ रडविणारा नाही. यात बॅटमॅनला चक्क सर्दी झाली आहे. त्याचा वृद्ध सेवक आल्फ्रेड त्याच्याबरोबर थर्मासमध्ये कोंबडीचे गरम सूप देतो, आणि ऐन लढाईत त्या कढत थर्मासच्या आघातानेच फ्रीझच्या शिरस्त्राणाची काच तडकते. सर्दीवर प्रतिजैविकांचा हट्ट धरणाऱ्या माझ्या रुग्णांनी हे दृश्य दोनदा पाहावे.

दुसरा भाग 'बिवेअर द ग्रे घोस्ट'. सायमन ट्रेंट हा एका जुन्या मालिकेचा नायक. त्याला आता काम कोणी देत नाही, आणि घरभाडे भरण्यासाठी तो आपल्या भूमिकेच्या आठवणवस्तू विकतो आहे. शहरात मात्र त्याच्या मालिकेतल्याप्रमाणे बॉम्बस्फोट होऊ लागतात. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून तीच मालिका पाहिलेला बॅटमॅन त्याच्या दारी मदत मागायला येतो. ट्रेंटला आवाज दिला आहे तो 1960 च्या दशकात दूरचित्रवाणीवर बॅटमॅन झालेल्या ॲडम वेस्ट यांनी, हे कळल्यावर गंमत वाढते. म्हाताऱ्याची करमणूक करायची म्हणून बॅटमॅन आलेला नाही. त्याला खरोखर त्याची गरज आहे. हा फरक ट्रेंटच्या पाठीच्या कण्यात दिसतो. वाकलेला मनुष्य ताठ होतो.

'बॅटमॅन बियाँड'मध्ये ब्रूस ऐंशीच्या घरात पोचला आहे. हाती काठी, मोठ्या वाड्यात सोबतीला एक कुत्रा. 'श्रीक' या भागात तो रुग्णालयात असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, आणि ते त्याला जीव देण्यास सांगतात. वय झाले, डोके फिरले, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ही शत्रूच्या ध्वनितज्ज्ञाने केलेली करामत असते. ब्रूसचा तरुण साथीदार टेरी नंतर विचारतो की, आपल्याला वेड लागलेले नाही हे तुम्हांला कसे उमगले? ब्रूस सांगतो, तो आवाज मला 'ब्रूस' म्हणत होता; मनातल्या मनात मी स्वतःला त्या नावाने हाक मारीत नाही.

आपल्या घरी खलनायक नसतो, परंतु करामत करणारे पुष्कळ असतात: मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणाऱ्या आजोबांना आज भिंतीवर माणसे दिसत असतील, ती काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आलेली भ्रमिष्टावस्था असेल, तर "वयामुळे होते" असे म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून सोबत न्या. आणि कोणत्याही वयाचा मनुष्य मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि मदत मिळविण्यास विलंब लावू नका.

आता चौथे नाव: 'रीबर्थ', दोन भागांची सलामी. आरंभी वार्धक्याकडे झुकलेला ब्रूस एका अपहृत मुलीला सोडवीत असतो आणि झुंजीतच त्याचे हृदय दगा देते. गुंड अंगावर येतो. आयुष्यभर बंदुकीचा तिटकारा केलेला हा मनुष्य जवळच पडलेली बंदूक उचलून त्याच्यावर रोखतो. गुंड पळतो. ब्रूस हातातल्या बंदुकीकडे पाहतो, आणि मग आपल्या गुहेत परतून पोशाख ठेवून देतो. पुन्हा कधीही नाही, एवढेच बोलून तो एकेक दिवा मालवितो.

(वैद्यकीय टीप द्यायलाच हवी. वृद्धांत, विशेषतः मधुमेहींत, हृदयविकाराचा झटका छातीतील कळेशिवायही येतो. अचानक धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे हीदेखील त्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रुग्णालय गाठावे, गुहा नव्हे. पुढे ब्रूस कोसळतो तेव्हा परक्या टेरीला त्याचे औषध शोधून द्यावे लागते. आपल्या घरी ते कोठे आहे हे किती जणांना ठाऊक आहे?)

हे दृश्य आम्ही पाहिले त्याच्या तीन आठवडे आधी वडील स्कूटरवरून पडले होते. खरचटण्यावर निभावले, परंतु मी त्याच रात्री खुंटीवरची किल्ली काढून दवाखान्याच्या खणात कुलूपबंद केली. विचारले नाही, सांगितलेही नाही. डॉक्टर मुलगा, त्याला विचारायचे काय? वडिलांनी रिकामी खुंटी पाहिली आणि तेही काही बोलले नाहीत. भाजी आणणे बंद झाले, वाचनालय बंद झाले, माझ्याशी बोलणे कामापुरते उरले.

त्या संध्याकाळी दिवे मालवले गेले तेव्हा ते पडद्याकडे पाहत नातवाला म्हणाले, "बघ, याने आपल्या हाताने ठेवला." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. तशी गरजही नव्हती.

पुढच्या भागात टेरी तो पोशाख न विचारता उचलून नेतो, आणि ब्रूस गुहेतल्या यंत्रावरून तो जागच्या जागी बंद पाडतो, तेव्हा मात्र वडील मोठ्याने हसले. अखेरीस ब्रूस टेरीला हाताशी घेतो. यापुढे धावणे टेरीचे आणि कानात वाजणारा आवाज म्हाताऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली खुंटीवर परत लावली आणि जीभ जड होत असतानाही म्हणालो, "अण्णा, मी विचारायला हवे होते. तुम्हांला काय वाटते?" ते वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, "विचार करतो."

त्यांनी दोन महिने विचार केला. या काळात स्कूटर रोज पुसली, दर रविवारी नातवाला जवळ उभे करून किक मारून चालू केली, फाटकाबाहेर मात्र एकदाही काढली नाही. मग एके दिवशी आमच्या दूधवाल्याला बोलावून त्यांनीच ती विकली. तासभर घासाघीस चालली होती. माझ्या अंदाजापेक्षा दीड हजार रुपये अधिक मिळाले. कागदपत्रांवर सही करून झाल्यावर त्यांनी दूधवाल्याला पुढचा ब्रेक कसा दाबावा हे तीन वेळा समजावून सांगितले, आणि तो पहिल्यांदा निघाला तेव्हा फाटकात उभे राहून वळणापर्यंत ओरडत राहिले, "दुसरा गिअर! अरे, दुसरा टाक!"