वळिवड्याचा धडा, नाचणगावचा प्रश्न

युद्ध म्हटले की वृत्तपत्रांचे रकाने सैन्याच्या हालचालींनी आणि सेनापतींच्या वक्तव्यांनी भरून जातात. घरदार सोडून एखाद्या छावणीतील शाळेत येऊन पडलेल्या मुलाला रात्री जुलाब लागले तर त्याला कोण पाहणार, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारीत नाही. मात्र अशा मुलाचे जगणे-मरणे बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या मातीतच सापडते. १९४३ साली कोल्हापूरनजीक वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली आणि १९४२ मध्ये इराणमार्गे सुटून आलेली ही कुटुंबे होती. समाजवादी म्हणवणाऱ्यांनी हे सत्य सांगताना जीभ चावण्याचे कारण नाही. सुमारे पाच हजार वस्तीत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. टायफस, आमांश, हिवताप आणि उपासमार यांतून ती मुले कशीबशी वाचली होती. छावणीत शाळा होत्या, तसे रुग्णालयही होते. प्रकृतीने खालावलेल्यांना पाचगणीच्या हवेत ठेवण्याची सोय झाली. शिक्षण, अन्न आणि औषध ही तीन वेगळी खाती न मानता एकाच व्यवस्थेची अंगे मानली, म्हणून ती पिढी उभी राहिली.

या व्यवस्थेचा खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला होता. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने व पाठोपाठच्या साथींनी लक्षावधी माणसे मेली. काही अंदाजांनुसार हा आकडा तीस लाखांच्या घरात जातो. पोलिश मुलांना मिळाले ते त्यांच्या हक्काचेच होते. परंतु उपासमारीने खंगलेले मूल याच देशात, याच वर्षी जगवता येते हे सिद्ध झाल्यावर, बंगालच्या मुलाचे मरण अटळ होते असे म्हणण्याचा अधिकार साम्राज्यसत्तेला कसा उरतो? ज्याच्यामागे सरकार, त्याला औषध. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्या वाट्याला दैव, हाच तो न्याय!

औषध फार महाग असते अशीही सबब नको. १९७१ च्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. नातेवाइकांनी ते घोट घोट पाजले, आणि सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. विज्ञान सामान्य माणसाच्या हाती दिले की ते काय करू शकते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

आता नाचणगावकडे वळू. पुलगावला लागून असलेले हे गाव देशातील एका प्रचंड दारूगोळा भांडाराच्या शेजारी नांदते. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर त्या भांडारात भीषण आग लागली. अनेक जवान व अग्निशामक कर्मचारी प्राणास मुकले आणि भोवतालच्या गावांतील माणसांना अंधारात घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत पोटासाठी आलेले मजूर होते. म्हणजे येथील मुलांच्या दाराशी युद्धाचे सामान शांततेच्या काळातही ठेवलेले आहे. देशाच्या संरक्षणाचा धोका जी गावे वाहतात, त्यांच्या मुलांचे संरक्षण ही देशाची जबाबदारी होय.

गावे हलवावी लागली की निवारा म्हणून प्रथम आठवते ती शाळा. २०१६ ची आग मे महिन्याच्या सुटीत लागली होती, हे विसरून चालणार नाही. कुलूप लावलेल्या शाळेत ना शिक्षक, ना पाणी, ना औषध. दाटीवाटीत गोवर झपाट्याने पसरतो, घाणेरड्या पाण्याने जुलाब होतात, आणि स्फोटाचा आवाज ऐकलेले मूल आठवडेच्या आठवडे झोपेत दचकते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भांडाराच्या परिसरातील प्रत्येक निवारा-शाळेसाठी परिचारिका व डॉक्टर आधीच नेमलेले असावेत. मुलांच्या लसीकरणाची, फिट्स, दमा वा सिकलसेलसारख्या आजारांची नोंद शाळेत तयार असावी. जलसंजीवनी, स्वच्छ पाणी व दूध यांचा साठा सुटीतही राहावा आणि किल्ली गावातच असावी. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना या कामाचे प्रशिक्षण आणि वेगळे मानधन मिळावे. त्यांच्या सेवाभावावर सरकारने फुकट जगू नये. जिल्ह्यातच सेवाग्राम येथे १९६९ पासून ग्रामीण आरोग्यासाठी उभे असलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे साहाय्य या आराखड्यासाठी मागता येईल.

कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा, ठराव करून घ्यावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत नेऊन त्याचा पाठपुरावा करावा. आग लागल्यावर करुणा पुष्कळ गोळा होते. मुलांना तिच्याआधी व्यवस्था हवी आहे.