डॉक्टरांचे तारे आणि तीन दिवसांची साखर

माझ्या ओपीडीत दर महिन्याला घडणारा एक प्रसंग सांगतो. काका येतात. डायबेटिस बारा वर्षांचा. रिपोर्ट टेबलावर ठेवतानाच चेहरा खुललेला असतो. "बघा डॉक्टर, उपाशीपोटी १०८!" मी पान उलटतो. दुसऱ्या पानावर एचबीएवनसी ९.४. मी काही बोलत नाही, नुसता त्यांच्याकडे बघतो. मग काका हसतात. "तीन दिवस कडक पथ्य केलं होतं हो. भात बंद, चहा बिनसाखरेचा." शेजारी बसलेल्या काकू उरलेलं सांगून टाकतात, "आणि एरवी विसरतात त्या गोळ्याही तीन दिवस वेळेवर घेतल्या!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे त्या एका सकाळचा फोटो. एचबीएवनसी ही तपासणी वेगळी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. किती चिकटली हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तीन दिवसांच्या पथ्याने १०८ आणता येतात, पण ९.४ चे ७ करता येत नाहीत. तिथे रोजचं वागणंच बदलावं लागतं.

गंमत अशी की काकांचा १०८ हा आकडा खोटा नव्हता. लॅब चुकली नव्हती. आकडा खरा होता, पण आजाराबद्दल तो खरं सांगत नव्हता.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे याच काकांनी जाता जाता विचारलेला प्रश्न. "मुलगा म्हणतो, गुडघ्यासाठी चांगला डॉक्टर बघायचा तर गूगलवर ४.९ स्टार आहेत त्याच्याकडे जा. जाऊ का?" त्यांना तिथल्या तिथे दिलेलं उत्तर अपुरं होतं. पूर्ण उत्तर आज देतो, आणि स्पष्ट देतो: डॉक्टरांचे तारे म्हणजे तीन दिवसांच्या पथ्याची साखर आहे. त्यावर आपली तब्येत सोपवू नका.

तारे नेमकं काय मोजतात?

मला मिळालेले रिव्ह्यू मी एकदा नीट बसून वाचले. पाच तारे देणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "पार्किंगला भरपूर जागा." दुसऱ्या एका ताईंना रिसेप्शनवरच्या मुलीचं बोलणं आवडलं होतं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण माझ्या वैद्यकीय ज्ञानाचा त्यांच्याशी काय संबंध?

आता एक ताऱ्याची गोष्ट. पंचविशीतला मुलगा, दोन दिवसांची सर्दी, थोडा ताप, घसा दुखतोय. तपासला. छाती स्वच्छ, घशात पू नाही, श्वास व्यवस्थित. व्हायरल सर्दी. ती आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, व्हायरसवर नाही. हे त्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं. तापाची गोळी दिली, कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं तेही सांगितलं. त्याला हवं होतं अँटिबायोटिक आणि एक सलाईन. संध्याकाळी रिव्ह्यू आला. एक तारा. "डॉक्टर काहीच देत नाहीत. फी मात्र घेतात."

त्याच महिन्यात एक आजी आल्या होत्या. "ॲसिडिटी झालीय, गोळी दे" एवढंच म्हणत होत्या. त्यांचा घाम बघून मी ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. ॲस्पिरिन देऊन, मोठ्या हॉस्पिटलला फोन करून त्यांना तिकडे रवाना केलं. आजी वाचल्या. दीड महिन्याने पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही. त्या ईसीजीची नोंद माझ्या रेटिंगमध्ये कुठेही नाही. सर्दीची मात्र आहे.

हा फक्त माझा अनुभव असता तर सोडून दिलं असतं. पण अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑनलाइन सल्ला घेणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या हजारो पेशंटनी डॉक्टरांना किती तारे दिले, ते त्यात तपासलं होतं. अँटिबायोटिक मिळालेले पेशंट जास्त खूश होते आणि पाच तारे जास्त देत होते. त्याआधी २०१२ मध्ये सुमारे ५२ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला आणखी एक अभ्यास आला होता. डॉक्टरवर सर्वांत समाधानी असलेल्या गटात औषधांचा खर्च जास्त होता, हॉस्पिटलमध्ये भरती होण्याचं प्रमाण जास्त होतं आणि पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. यावरून "समाधानाने माणूस मरतो" असा अर्थ काढू नका. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. पण पेशंट खूश आहे म्हणजे उपचार चांगले झाले, हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

एक कबुली

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायचं आहे. तो एक तारा मिळाल्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी ओपीडीत तीस-पस्तीस माणसं बसलेली. मी दमलेलो. एक बाई मुलाला घेऊन आल्या. तशीच सर्दी, तीच मागणी. "चांगलं स्ट्राँग औषध द्या डॉक्टर, सोमवारी परीक्षा आहे." समजावायला दहा मिनिटं लागली असती. अँटिबायोटिक लिहायला दहा सेकंद. मी लिहून दिलं.

गरज नसताना दिलं. मला ते कळत होतं. पंचवीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस झालेल्या माणसाचं पेन एका ताऱ्याने वाकवलं. मग नव्या डॉक्टरचं काय होत असेल? त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि समोरच्या गल्लीत ४.९ चा बोर्ड लागला आहे.

याची किंमत कोण भरतं? जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. गरज नसताना घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक त्या आगीत एक काडी टाकतं. उद्या त्याच मुलाला खरंच न्यूमोनिया झाला, तेव्हा औषध चालायला हवं ना?

आकडाच ध्येय झाला की

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये आर्थिक धोरणांबद्दल एक निरीक्षण मांडलं. आज ते सगळ्याच क्षेत्रांना लावलं जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर, मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. काकांनी तीन दिवस तेच केलं. मोठमोठी हॉस्पिटलंही तेच करतात.

न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपास शस्त्रक्रियांची माहिती गोळा करायला घेतली. कोणत्या हॉस्पिटलात आणि पुढे कोणत्या सर्जनच्या हातून किती पेशंट दगावले, हे जाहीर होऊ लागलं. पेशंट मुळात किती गंभीर होता याचाही हिशोब त्यात धरला होता. हेतू उत्तम होता, आणि पहिल्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण घटलंही. पण पुढे अँजिओप्लास्टीचे आकडेही जाहीर होऊ लागल्यावर तिथल्या डॉक्टरांना प्रश्न विचारले गेले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी कबूल केलं की आकडे जाहीर होतात म्हणून काही पेशंटच्या बाबतीत प्रोसीजर करावी की नाही या निर्णयावर परिणाम झाला. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच हात लावायला डॉक्टर कचरू लागला. आकडा सुंदर, आणि पेशंट दारात.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड हॉस्पिटलची गोष्ट याहून वाईट. खर्च आटोक्यात ठेवायचा, इमर्जन्सीत चार तासांच्या आत पेशंट हलवायचा, अशी उद्दिष्टं गाठण्यामागे व्यवस्थापन लागलं होतं. २००८ मध्ये त्या संस्थेला सरकारी व्यवस्थेतला वरचा दर्जाही मिळाला. त्याच काळात वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटच्या हाताला पाणी लागत नव्हतं आणि मळलेल्या चादरी तासन् तास बदलल्या जात नव्हत्या. २००९ मध्ये चौकशीचा अहवाल आला. २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या सार्वजनिक चौकशीने सगळं उघड केलं आणि २९० शिफारशी केल्या. ज्यांची माणसं तिथे गेली, त्या नातेवाइकांनी आवाज उठवला.

आपल्याकडे तर तारे विकतच मिळतात. मला अधूनमधून फोन येतो, "सर, रिव्ह्यू वाढवून देऊ, पहिल्या पानावर आणू." पॅकेजही ठरलेलं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या आचारनियमांत लाइक्स, फॉलोअर्स विकत घेऊ नयेत आणि सर्चमध्ये वर येण्यासाठी पैसे मोजू नयेत असं लिहिलं होतं. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. पण असं लिहावं लागलं, यातच काय ते आलं.

"मग डॉक्टरांनी जाबच द्यायचा नाही का?"

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो योग्य आहे. डॉक्टर उद्धट बोलतो, बिलात घोळ घालतो, दोन-दोन तास बसवून ठेवतो, हे रिव्ह्यूतून कळतं आणि कळायलाच हवं. मला दोघांनी लिहिलं होतं की वेळ देऊनही दीड तास थांबावं लागतं. त्यांचं खरं होतं. मी अपॉइंटमेंटची पद्धत बदलली.

आकड्यांशीही माझं वैर नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावांत जन्मलेलं आणि दगावलेलं प्रत्येक बाळ मोजलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि पुन्हा मोजलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटलेले दिसले. तो आकडा कुणाच्या बोर्डावर लावण्यासाठी नव्हता. बाळ वाचवण्यासाठी होता. असा आकडा एचबीएवनसीसारखा असतो. खऱ्या कामाशिवाय तो हलत नाही.

तुमच्या डॉक्टरची एचबीएवनसी

तेव्हा तारे मोजण्याऐवजी पुढच्या वेळी दवाखान्यातून बाहेर पडताना स्वतःला एवढं विचारा:

१. डॉक्टरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं का? हात लावून तपासलं का?

२. मला काय झालंय, ते घरी जाऊन दुसऱ्याला सांगता येईल इतकं समजलं का?

३. प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे कळलं का? "औषध नाही घेतलं तर काय होईल?" या प्रश्नावर ते चिडले नाहीत ना?

४. कोणत्या लक्षणांवर ताबडतोब परत यायचं, ते सांगितलं का?

५. "हे माझ्या विषयातलं नाही, तुम्ही तज्ज्ञाकडे जा" असं ते कधी म्हणाले आहेत का? म्हणत असतील तर अशा डॉक्टरला धरून राहा.

६. चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का? तो वैद्यकीय परिषदेकडे तपासता येतो.

७. वर्षभरात माझं बीपी, साखर, दम आटोक्यात आला का? गोळ्यांची पिशवी नुसती फुगत तर नाही ना चालली?

नवीन डॉक्टर शोधायचा असेल तर तुमच्या फॅमिली डॉक्टरला एकच प्रश्न विचारा, "तुमच्या आईचा गुडघा असता तर कुणाकडे नेलं असतं?" ते उत्तर कुठल्याही यादीत मिळत नाही.

काकांना मी हेच सांगणार आहे. आणि हेही सांगणार आहे की पुढच्या वेळी तपासणीआधी पथ्य करू नका. रोज जसे जेवता तसे जेवून या. मला तुमचा चांगला रिपोर्ट नको आहे काका, तुमची साखर हवी आहे.

आणि तुम्हाला माझी विनंती अशी. व्हायरल सर्दीत एखाद्या डॉक्टरने अँटिबायोटिक नाकारलं, तर रागाने फोन काढण्याआधी एक क्षण थांबा. त्या माणसाने आपला एक तारा पणाला लावून तुमची तब्येत सांभाळली आहे.