‘होल्ड करा’ म्हणजे फुकट नाही

‘दादा, व्हिक्टोरियाचा रुपया होल्ड करा, शनिवारी घेतो.’ सुरगाण्याहून नाशिकच्या नाणेविक्रेत्याला हा मेसेज मीच टाकला होता. शनिवारपर्यंत चांदी उतरली आणि मी गप्प बसलो. घाटात रेंज नव्हती, हे नंतर सुचलं.

रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात 91.7 टक्के चांदी. साध्या सालाच्या नाण्याचा भाव बराचसा तिच्यावरच चालतो. चांदी चढली की आपल्याला दादाचा शब्द आठवतो, उतरली की रेंज जाते. तोटा त्याचा, ज्याने आपल्यासाठी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं. बैल घेतानाही आपल्याकडे इसार देतात. फोनवरून क्षणात पैसे जातात, तरी आपण तोंडी ‘होल्ड’ कशाच्या जोरावर मागतो?

1872 च्या करार कायद्यानेही मोबदल्याशिवाय दिलेला असा शब्द विक्रेत्याला बांधत नाही. तो थांबतो, ही त्याची सभ्यता. तेव्हा इसार द्या, तारीख ठरवा, नको असेल तर वेळेत ‘नको’ लिहा. आणि इसार घेऊनही जास्त पैसेवाल्याला नाणं देणाऱ्या विक्रेत्याची गय करू नका.

परवा मी आधी ‘सॉरी’ लिहिलं, मग पाचशे पाठवले. रुपया अजून आहे म्हणाला.