रक्ताचा धडा आणि निळी गोळी

‘रक्ताचे घटक कोणते?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. विद्यार्थी रक्तद्रव, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका अशी नावे लिहितो आणि गुण मिळवतो. पण रक्त म्हणजे एकदा भरून ठेवलेला साठा नव्हे, ते रोज नव्याने घडत असते, ही गोष्ट या उत्तरात कोठेच येत नाही. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

थोडे गणित करून पाहा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. प्रत्येकीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे. म्हणजे दर सेकंदाला २० लाखांहून अधिक पेशी नष्ट होतात आणि तितक्याच नव्या तयार व्हाव्या लागतात. हे काम छातीचे हाड, फासळ्या, मणके, कमरेची हाडे यांतील अस्थिमज्जेत अहोरात्र चालते. त्याला कच्चा माल लागतो. हीमोग्लोबिनसाठी लोह व प्रथिने, तर पेशींच्या विभाजनासाठी फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व. लोह कमी पडले की पेशी लहान व फिकट निपजतात. फॉलिक आम्ल कमी पडले की विभाजन अडते. पेशी संख्येने थोड्या व आकाराने मोठ्या होतात.

या दुसऱ्या प्रकारचे कोडे उलगडू लागले ते मुंबईत. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी डॉ. ल्यूसी विल्स १९२८ मध्ये इंग्लंडहून आल्या. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य फॉलिक आम्ल होते. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून मिळवण्यात आले. विकाराचे मूळ जेवणाच्या ताटात होते!

आजही ते पुष्कळदा तेथेच असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणूनच शाळांतून आठवड्याला एक लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी देण्याची योजना २०१३ पासून आहे. पण मळमळते, शौचास काळे होते, म्हणून घाबरून काही मुले ती गुपचूप फेकून देतात. न शोषलेल्या लोहामुळे मल काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. आणि जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. एवढे सांगितले तर भीती जाईल.

जतसारख्या दुष्काळी तालुक्यात पालेभाजी बारमाही मिळत नाही, हे खरे. पण बाजरी, मटकी, हरभरा आणि शेवग्याचा पाला आपल्याला परके नाहीत. वर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. तरीही थकवा, धाप राहिली तर रक्त तपासून घ्यावे, कारण रक्तक्षयाला जंतांसारखी इतर कारणेही असतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे : रक्ताचा धडा गोळी वाटण्याच्या दिवशीच शिकवा. गोळी का घ्यायची हे ज्याला कळले, त्यालाच तो धडा समजला.