पहिला नंबर मिळाला म्हणजे जिंकलो का?



आज जरा अमेरिकेत जाऊ. तिथल्या फुटबॉलचा, म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा चाहता एप्रिलमध्ये फार खुशीत असतो. कारण तेव्हा एनएफएलचा ड्राफ्ट असतो. आपल्या आयपीएलसारखी बोली नाही. 32 संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात, आणि मागच्या सीझनला जो सगळ्यात जास्त हरला त्याची पाळी पहिली! मग चाहता म्हणतो, "हा पोरगा आला ना, की आपले दिवस पालटले."

माझं मत सरळ आहे. ही आशा चाहत्याला शोभते, मालकाला परवडत नाही. चाहत्याचे फार तर टी-शर्टचे पैसे जातात. मालकाची पुढची वर्षं जातात.

उदाहरण घ्या. 2023 मध्ये कॅरोलिना पँथर्सने शिकागो बेअर्सकडून पहिली पाळी घेतली. बदल्यात काय दिलं? त्या वर्षीच्या दोन पाळ्या, 2024 ची पहिल्या फेरीची पाळी, 2025 ची दुसऱ्या फेरीची पाळी आणि वर डीजे मूर हा पास झेलणारा तयार खेळाडू. एवढं देऊन ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक आणला.

निकाल? 17 पैकी फक्त 2 सामने जिंकले. शेवटचा नंबर आला, म्हणजे 2024 ची पहिली पाळी यांचीच. पण ती तर आधीच देऊन बसले होते! शिकागोने त्या पाळीवर केलेब विल्यम्सला घेतलं.

पोरगा वाईट होता असं मी म्हणत नाही. पण पास फेकणारा आणला आणि झेलणारा देऊन टाकला, तर त्याने करायचं काय? आपल्याकडेही हेच होतं. मशीन आलं, पण कच्च्या मालाला पैसे उरले नाहीत. मोक्याचा गाळा मिळाला, पण डिपॉझिटसाठी घरचे दागिने गहाण गेले.

नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी या ड्राफ्टचा अभ्यास केलाय. त्यांचं म्हणणं, संघ पहिल्या पाळ्यांना वाजवीपेक्षा जास्त किंमत मोजतात, कारण स्वतःच्या पारखीवर त्यांचा फाजील विश्वास असतो.

तुम्ही म्हणाल, "सर, मग रिस्क घ्यायचीच नाही का?" घ्यायची! पण वाटून. टॉम ब्रेडी 2000 मध्ये 199 व्या नंबरवर निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकला. हिरा कुठे निघेल ते आधी कळत नाही, म्हणून हातात संधी जास्त ठेवायच्या. 1989 मध्ये डॅलस काउबॉइजने हर्शेल वॉकर हा स्टार देऊन टाकला आणि बदल्यात खेळाडू आणि ड्राफ्टच्या बऱ्याच पाळ्या घेतल्या. त्या वर्षी एकच सामना जिंकले. पण पुढे 1992, 1993 आणि 1995 या सीझनचे सुपर बोल त्यांचेच.

म्हणून मोठ्या कर्जावर सही करण्याआधी वहीत तीन ओळी लिहा:

1. यासाठी मी पुढच्या वर्षाचं काय देऊन बसतोय?
2. हे चालवायला लागणारं खेळतं भांडवल वेगळं ठेवलंय का?
3. नाहीच चाललं, तर दुसरा डाव खेळायला हातात काय उरेल?

तिसऱ्या ओळीत "काही नाही" आलं, तर सही थांबवा. आशा ठेवा, पण पुढची पाळी विकू नका.